झार, मी आणि उपटलेलं रोप

एकदा मी दीड एकराचं कांद्याचं रोप उपटलं, त्याच्या जुड्या बांधल्या, ओल्या गोणपाटाखाली ओळीनं मांडून ठेवल्या, आणि उद्या ते लावायला याल का, असं गावातल्या एकाही बाईला विचारलं नाही. विसरले म्हणाल तर तसं नव्हतं. विचारायचं असतं, हेच मला मान्य नव्हतं.

ज्यांनी कांदा केलाय त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. ज्यांनी नुसता खाल्लाय त्यांच्यासाठी सांगते. उपटलेलं रोप म्हणजे मांडवात आणून उभी केलेली नवरी. तिला ताटकळत ठेवता येत नाही. दोन दिवस, फार तर तीन. मग पात पिवळी पडते, मुळ्या कुजतात आणि दीड-दोन महिने जपलेलं रोप गुरांपुढे टाकावं लागतं. तीही तोंड फिरवतात.

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ओतूरहून ओझरला जाताना रस्त्यात जी गावं लागतात त्यातलं एक आमचं. कालव्याचं पाणी आलं तसा गावानं कांदा धरला. मजूर परवडायचे नाहीत, मिळायचेही नाहीत, म्हणून लागणीला बायकांचा वारंगुळा असायचा. आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही आणि उपकारही मानायचे नाहीत. आम्ही चौदा जणी होतो. कुणाचं वावर कधी, हे ठरवायला कुणीतरी लागतं. आधी ते माझ्या सासूबाई ठरवायच्या. त्या गेल्यावर मी ठरवायला लागले. मला कुणी निवडलं नव्हतं. चुलीजवळचा पाट जसा सासूनंतर सुनेकडे येतो, तसं ते माझ्याकडे आलं आणि मी त्यावर ऐसपैस बसले.

पहिली एक-दोन वर्षं मी बायकांबरोबर चिखलात बसून कांदा लावला. मग पाठ दुखायला लागली म्हणून बांधावर उभी राहिले. पहिल्या वर्षी पाठ खरंच दुखत होती. दुसऱ्या वर्षी बांध आवडायला लागला. तिथून तेरा पाठी एका नजरेत दिसतात. तिथून "चार बोटं! दोन रोपांत चार बोटं!" असं ओरडलं की आवाज ओढ्यापर्यंत जातो. सकाळी सातला वावरात हजर, असा माझा नियम. कालव्याला पाणी सुटलं की पहिलं वावर आमचं, कारण आमचं वावर कालव्याला लागून. आणि कालव्याला लागून ज्याचं वावर त्याचं पहिलं, हा नियम मीच केलेला. मला तो फार न्याय्य वाटायचा.

त्याच वर्षी आमची सून बाहेरून बी.ए. करत होती. ओतूरच्या कॉलेजात शिकत असताना लग्न झालं आणि शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. ते पूर्ण करायची परवानगी मी दिली, हे मी त्या काळात निदान तीनशे लोकांना सांगितलं असेल. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ व्हायचं नाही. दुपारी ओट्यावर मी तांदूळ निवडायला बसायची आणि ती पुस्तक घेऊन शेजारी. असंच एक दिवस तिनं वाचलं, "क्रांतीपूर्वी रशियातील झारशाहीने जनतेचा पाठिंबा का गमावला, ते सविस्तर लिहा."

मी विचारलं, "झार म्हंजे?"

"तिथला राजा, आत्या. म्हणेल ती पूर्व दिशा, असा."

"मग त्यात सविस्तर काय लिहायचं? येडा व्हता म्हणून लिही."

"सोळा मार्कांचा प्रश्न आहे."

"मग लई येडा व्हता म्हणून लिही."

पण गोष्ट मला आवडली. सून रोज थोडी थोडी वाचायची आणि मी तांदळातले खडे काढत काढत झारला शिव्या घालायची. तो माणूस वाईट नव्हता म्हणे. बायकोवर, पोरांवर माया करायचा. फक्त त्याची समजूत अशी, की राज्य देवानं दिलंय, त्यात रयतेला काय विचारायचं? मी म्हटलं, "देवानं दिलं, हे त्याला देवानं येऊन सांगितलं व्हतं का?" सून हसली. पुढं कळलं की राणीच्या मर्जीतला एक बुवाही राजवाड्यात शिरला होता आणि सगळं त्याच्या सल्ल्यानं चालतं, असं लोक बोलायला लागले होते. "हां!" मी म्हटलं. "मी म्हनलं, अजून बुवा कसा आला न्हाई!"

आमच्या दरबारात बुवा नव्हता, शेजारीण होती. रोज सांजेला कपभर चहाला यायची आणि पदरानं ओठ पुसत म्हणायची, "आक्का, तुमच्याबिगर या गावात कांदा जमिनीत जायाचाच न्हाई." मला ते पटायचं. बाकीच्या बायका मनात काय म्हणतात, ते मी तिलाच विचारायची, आणि ती सांगायची, "तुमाला लई मानत्यात." तिचं वावर दरवर्षी आमच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरला असायचं. का, ते मला कळायला फार वर्षं लागली.

झारची रयत म्हणे त्याला बाप म्हणायची. राजाच्या आजूबाजूचे लोक वाईट, राजा चांगला, त्याला आपलं दुःख कळलं की तो काहीतरी करील, अशी भोळी आशा. म्हणून एका रविवारी हजारो माणसं देवाच्या तसबिरी आणि झारचं चित्र हातात धरून अर्ज घेऊन महालाकडं गेली. झार त्या दिवशी महालात नव्हता. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. माणसं बर्फात पडली.

इथे सून थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी विचारलं, "नव्हता, का नव्हता म्हणून सांगितलं?"

तिनं पुस्तकात तोंड घातलं. तिला हसू येत होतं, आणि त्याला कारण होतं. चारच दिवसांपूर्वी पाच-सहा बायका संध्याकाळी आमच्या अंगणात आल्या होत्या. पुढं होती ती ओढ्यापलीकडची. उंच, कमी बोलणारी, आणि लागणीला चौदा जणींत सगळ्यांत चपळ हात तिचा. खिडकीतून त्यांना बघितल्याबरोबर मी सुनेला म्हटलं, "मी घरात न्हाई म्हणून सांग." सुनेनं बाहेर जाऊन नको तेवढं सजवून सांगितलं, "आत्या ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेल्यात." आणि तेवढ्यात मला शिंक आली. एक नाही, तीन.

मग ओढ्यापलीकडची म्हणाली, "बरं. आल्या की सांग त्यांना, आमाला चिठ्ठ्या टाकायच्यात. कुनाचं वावर कवा, ते चिठ्ठीनं ठरू दे. आन् गनपतीच्या दारात गार वारा हाय म्हनावं, डोक्याला फडकं बांधून जात जा."

बायका खिदळत गेल्या. मी आत नाक दाबून उभी. मी गोळ्या झाडल्या नाहीत, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

आमच्या मालकांनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, "चिठ्ठ्या टाकल्यानं तुझं काय जातंय?" मी म्हटलं, "तुमी पान्याचं बघा." पण दुसऱ्या दिवशी मलाच वाटलं, जरा मोठेपणा दाखवावा. मी तिघी जणींना बोलावून सांगितलं, की तुम्ही काय ते ठरवा. त्या बिचाऱ्या खरंच बसल्या, तासभर बोलल्या आणि ठरवून आल्या, चिठ्ठ्या टाकायच्या. मी म्हटलं, "लई चांगलं ठरवलं. पन या वर्षी नको." पुढं सुनेच्या पुस्तकात आलं, की झारनंही लोकांची सभा नेमली होती आणि तिचं म्हणणं आवडलं नाही की तो ती मोडून टाकायचा. "आपल्यासारखंच," सून पटकन बोलून गेली आणि लगेच जीभ चावून तांदूळ निवडायला लागली. निवडून झालेलेच.

आता हे सगळं मी हसत सांगतेय, कारण त्यात हसण्यासारखंच होतं. सातची हजेरी, बांधावरचा आरडाओरडा, माझ्या शिंका, हे सगळं त्या बायकांनी पोटात घातलं असतं. सासवा, नवरे, कालव्याचे साहेब, सगळ्यांचं पोटात घालतच होत्या. पुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

ओढ्यापलीकडचीचं माहेर डिंभ्याजवळचं. तिचे वडील वारले. ती जाऊन माती देऊन आली आणि घरी लहान लेकरं म्हणून परत आली. दहाव्याला पुन्हा जायचं होतं. आमच्याकडं दहावा सकाळीच असतो. नदीवर पिंड ठेवतात, प्रवचन होतं, कावळा शिवायची वाट बघतात. लेकीनं तिथं असावं, एवढीच रीत. आदल्या दिवशी आमच्याच वावरात लागण चालू होती. दुपारी जेवण उरकल्यावर ती बांधावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आक्का, मी जाते. मंचरला उतरून डिंभ्याची गाडी धरायची, उशीर नको."

सहाच वाफे राहिले होते. पाणी भरलेलं. मी म्हटलं, "एवढं उरकून जा ना गं. आन् आज जाऊन तरी काय करनार? सकाळच्या पयल्या गाडीनं जा, वेळेवर पोचशील."

ती खाली उतरली आणि सहाही वाफे संपेपर्यंत लावत राहिली. तिची पाठ मला बांधावरून दिसत होती. मला वाटलं, बघ, कशी समजूतदार आहे.

सकाळची पहिली गाडी मंचरपर्यंत गेली. डिंभ्याची गाडी त्या दिवशी आलीच नाही. ती गाडी आली तर यायची, नाहीतर नाही, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही होतं. ती एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पोचली तेव्हा कावळा शिवून गेला होता, माणसं पाय धुऊन उठत होती आणि तिचा भाऊ म्हणाला म्हणे, "आत्ता आलीस?"

हे मला तिनं सांगितलं नाही. शेजारणीनं चहा पिताना सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमी कशाला मनाला लावून घेता आक्का, गाडीचा दोष." मी लगेच मान डोलावली. गाडीचाच दोष. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कालव्याला पुन्हा पाणी सुटलं. ओढ्याकडेचं आमचं दीड एकर लावायचं राहिलं होतं. आदल्या दिवशी मी, मालक आणि मुलगा, तिघांनी मिळून रोप उपटलं. मालकांनी पुन्हा विचारलं, "बायकांना सांगितलंस का?" मी म्हटलं, "पानी सुटल्यालं त्यांना दिसत न्हाई का?"

सकाळी सातला मी बांधावर उभी. साडेसात झाले. आठ झाले. पाणी वाफ्यांत चढत होतं, गोणपाटाखाली नवरी ताटकळत होती, आणि रस्त्यावर एक बाई दिसेना. मी तरातरा शेजारणीकडं गेले. ती डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती. "आक्का, काय सांगू, डोकं लई दुखतंय बघा." मी परत बांधावर येते न येते तोच ती दिसली. तेच डोकं, तेच फडकं, काखेत भाकरीचं गठुळं, आणि पाय असे झपाझप ओढ्याकडं चाललेले की डोकेदुखीला मागं पडावं लागलं असेल.

त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्याशिवाय. पहिली चिठ्ठी ओढ्यापलीकडचीचीच निघाली होती आणि तेराही जणी तिच्या वावरात बसल्या होत्या. ओढा काही मोठा नव्हे. मला सगळं ऐकू येत होतं. त्या हसत होत्या. कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि तेरा जणींचा हशा पाण्यावरून अलीकडं यायचा. मी बांधावर असताना त्या कधी हसल्या होत्या का, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही.

आम्ही चौघं लावायला बसलो. मालकांनी एक वाफा लावला, कंबर धरली आणि म्हणाले, "म्हशीला पानी दावायचंय." गेले ते दुपारीच उगवले. सून माझ्या शेजारी होती. हळूच म्हणाली, "आत्या, तिथं पण सुरुवात बायकांनीच केली होती. पावासाठी रांगेत उभ्या राहून कंटाळल्या आणि रस्त्यावर आल्या."

"आज नको गं."

"मग सैनिकांनी पण गोळ्या झाडायला नकार दिला."

मी म्हशीकडं गेलेल्या सैनिकाची रिकामी जागा बघितली. म्हटलं, "ते बी कळलं."

"आणि झारला शेवटपर्यंत वाटत होतं, लोक आपल्यालाच मानतात. कारण त्याला सांगणारे तसंच सांगायचे."

संध्याकाळपर्यंत आम्ही चौदा वाफे लावले. राहिले शंभराच्या वर. त्या रात्री मला झोप लागली, खोटं कशाला बोलू, कारण अंग मोडलं होतं. पण पहाटे जाग आली ती रोपाच्या काळजीनं नव्हे. सुनेच्या पुस्तकात कारणं दिली होती, आर्थिक, राजकीय, सामाजिक. सगळी खरी असतील. पण मला अंथरुणात बसल्या बसल्या एक उंच बाई दिसत होती, जीपमधून उतरून नदीकडं धावणारी, आणि समोरून पाय धुऊन येणारी माणसं. गाडीचा दोष, हे वाक्य मी मनात म्हणून बघितलं. ते उभं राहीना.

सकाळी मी ओढा ओलांडला. दुसऱ्या चिठ्ठीचं वावर तिच्याच शेजारचं होतं. बायका ओळीनं बसल्या होत्या. कुणी "या" म्हटलं नाही, कुणी "का आलात" म्हटलं नाही. शेजारणीला एकदम आपल्या पायातला चिखल फार बघण्यासारखा वाटायला लागला. मी ओळीच्या टोकाला ओढ्यापलीकडचीच्या शेजारी जाऊन बसले आणि जुडी उचलली. सात-आठ वर्षांनी बायकांच्या ओळीत बसत होते. पाठ म्हणाली, आता कळलं?

तासाभरानं मागून कुणीतरी, हुबेहूब माझा आवाज काढून, ओरडलं, "चार बोटं! दोन रोपांत चार बोटं!" मी खाली बघितलं. माझी रोपं दोन-दोन बोटांवर गर्दी करून उभी होती, जत्रेला आल्यासारखी. सगळ्या हसल्या. ओढ्यावरून ऐकलेला तोच हशा. तो माझ्यावरच होता, पण मी त्याच्या अलीकडं नव्हते, मधोमध होते, आणि मलाही हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी चिखलाचा हात तोंडावर फिरवला आणि आणखी हसं करून घेतलं.

दुपारी भाकरी सोडल्या. मी पहाटेपासून मनात बोलायचं जुळवत होते. त्यात माझी सासू होती, कालव्याचं पाणी होतं, सगळ्यांचं भलं होतं. भाषण चांगलं होतं. पण ती समोर बसून ठेचा वाढायला लागली आणि त्यातलं एकही वाक्य वर येईना. मी म्हटलं, "त्या दिवशी तुला दुपारीच जाऊ द्यायला पायजे व्हतं. गाडीचं मला म्हाईत व्हतं. चुकलं माझं."

आजूबाजूच्या बायका जेवायच्या थांबल्या. ओढ्यापलीकडचीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आक्का, तुमी नुसतं 'जा' म्हनला आसता ना, तर दहावा उरकून मी तशीच तुमच्या वावरात आले आसते, वारंगुळा न्हाई आन् काय न्हाई. आता तसं व्हनार न्हाई. तुमची चिठ्ठी उद्याच्यात टाकते. निघाली तर येऊ समद्या, न्हाई निघाली तर रोप मेलं म्हनून रडायचं न्हाई."